शेतीखातं थोरलीकडे

नव्या नेत्याने अर्थखातं कुणाला दिलं हे रेडिओवर सांगितलं, तेव्हा वकिलांच्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर फेस होता. तरी ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

"ह्याला? तिजोरी ह्याच्या हातात? अरे, ह्याने स्वतःची सूतगिरणी बुडवली, मग मेव्हण्याची बुडवली!"

न्हाव्याने वस्तरा वर उचलून धरला. "वकील, मान हलवू नका. मंत्री होणार तो, आणि गळा जायचा तुमचा."

बाकावर बसलेली माणसं हसली. वकील परत टेकले, पण तोंड काही मिटलं नाही. वकील म्हणजे गावाने ठेवलेलं नाव. कोर्टाची पायरी ते जन्मात चढले नव्हते, शाळाही लवकरच सुटली होती. गावाच्या कडेला त्यांचं बटाट्याचं रान होतं आणि त्यात राबून राबून पाठीला बाक आला होता. पण समोर कुणी काही बोललं की त्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नाला गेले तर नवरदेवाची, बाजारात गेले तर बैलाची आणि निवडणूक झाली की निवडून आलेल्याची.

नवा नेता निवडून आल्यापासून तर त्यांना सुगीच आली होती. रोज संध्याकाळी रेडिओवर दोन-चार खाती जाहीर होत आणि रोज न्हाव्याच्या दुकानात वकील त्यांचा निकाल लावीत. ह्या नेत्याच्या पक्षाला त्यांनी आयुष्यात मत दिलं नव्हतं. त्यांची थोरली मुलगी ह्याच पक्षाकडून उभी राहिली, निवडूनही आली, तरी त्यांनी दिलं नाही. ती पाया पडायला आली तेव्हा ते तिला म्हणाले होते, "आशीर्वाद हवा तेवढा घे. मत मागू नकोस." तीही हसत हसत निघून गेली होती. बापलेकीत त्यावरून कधी वाकडं आलं नाही. राजकारण आलं की दोघं हवापाण्याचं बोलायची.

"गृहखातं," रेडिओ म्हणाला, आणि नाव घेतलं.

"वा!" वकील म्हणाले. "ह्याच्या स्वतःच्या घरी चोरी झाली होती, अजून सापडलेली नाही. आता अख्ख्या राज्याची राखण करणार!"

"वकील, तुम्हाला एक तरी माणूस पसंत पडलाय का?" बाकावरून मास्तरांनी विचारलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, नव्या नेत्याचे पक्के भक्त. वकिलांशी रोज भांडायचे आणि रोज शेजारी बसायचे.

"पडेल की. माणूस बघून खातं द्या, खातं बघून माणूस द्या. आता शेतीखातं राहिलंय. तिथे कसा माणूस हवा सांगू? ज्याची नखं मातीने काळी आहेत असा. बघाल तुम्ही, कुणातरी इस्त्रीच्या कपड्यातल्याला देतील."

"शेतीखातं," रेडिओ म्हणाला.

नाव सासरच्या आडनावासकट आलं, त्यामुळे वकिलांना ते एकदम लागलं नाही. आधी न्हाव्याला लागलं. त्याचा हात हवेतच थांबला.

"ताई?" तो म्हणाला. "आपली ताई?"

रेडिओ पुढचं खातं सांगत होता, ते कुणी ऐकलं नाही. सगळे वकिलांकडे बघत होते आणि वकील आरशात स्वतःकडे बघत होते. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा लाल.

"मग वकील?" मास्तर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात साखर होती. "ह्या नेमणुकीबद्दल आपलं मत?"

वकिलांनी खांद्यावरचा पंचा ओढला, फेस पुसला आणि उठले. दारापर्यंत गेले. मग वळून म्हणाले, "चुकलं."

"काय?"

"माणूस चुकला त्याचा. पोर दूध संघात हिशेब बघायची. सावलीत बसून. शेतीतलं तिला काय कळतंय?"

आणि अर्ध्या दाढीनिशी ते रस्त्याला लागले. मागे दुकानात हशा उसळला आणि न्हावी ओरडत राहिला, "अहो, निम्मी राहिलीय!"

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, त्यांचं मतही पोचलं होतं. दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि मधोमध त्यांची बायको, जिला सगळं गाव काकू म्हणायचं, डोळे पुसत आणि हसत उभी होती. वकिलांना बघताच तिचं हसू गेलं.

"चुकलं म्हणालात म्हणे?"

"म्हणालो."

"पोरीचं नाव साऱ्या राज्यात गाजतंय आणि बाप म्हणतो चुकलं!"

"दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर म्हणालो असतो की नाही? मग आपल्या पोरीला वेगळं माप लावू?"

"मापं बटाट्यांना लावा तुमची. आणि ते तोंड आधी धुऊन या. अर्ध्या तोंडाचा माणूस न्याय सांगतोय."

बायका पदरात हसल्या. वकील मागच्या दाराने गोठ्यात गेले. म्हैस रवंथ करीत होती. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, तिथेच भिंतीला टेकले आणि एकटेच हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी बाहीने पुसलं आणि मग तोंडावर नेहमीचा कडकपणा चढवून घरात गेले.

बटाटे तयार झाले होते. पाला कापून टाकला होता, तो वाळून सरींत पडला होता. साल अंगठ्याने घासली तरी सुटत नव्हती, म्हणजे काढणीला उशीर नको. नेमकं तेव्हाच आभाळ बिघडलं. अवेळी ढग यायला लागले. दुपारी उकडायचं, संध्याकाळी गार वारा सुटायचा आणि मावळतीला शाईसारखं काहीतरी साचून राहायचं. एकदा पाऊस पडला असता तर खालच्या तुकड्यात पाणी तुंबून बटाटे जमिनीतच कुजले असते.

आणि माणसं मिळत नव्हती. गावातली धडधाकट माणसं ट्रक भरभरून शपथविधीला निघाली होती. गावची लेक मंत्री होणार आणि आपण कुदळ मारीत बसायचं का, असं जो तो म्हणत होता.

"तुम्हीही चला," काकू म्हणाली. "तिने गाडी पाठवते म्हणून सांगितलंय."

"बटाटे जमिनीत आहेत."

"ते कुठे पळून जातायत?"

"ते नाही. पाऊस येतोय पळत."

शेवटी काकू एकटीच नवं लुगडं नेसून गेली. वकील आणि सून रानात राहिले. मुलगा लांबच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, तो महिन्यातून कधीतरी यायचा. घरातलं निम्मं काम आणि निम्म्याहून जास्त बोलणं सुनेकडे होतं. ती अंगाने दणकट होती आणि सासऱ्याला घाबरत नव्हती, म्हणून वकिलांना ती आवडायची.

कुदळ वरंब्याच्या कडेने तिरपी घालायची, माती उचलायची, हाताने चाचपून बटाटे वेचायचे, पाटीत टाकायचे. एक सरी संपेपर्यंत वकिलांचे गुडघे बोलायला लागायचे. मग ते उभे राहून कंबरेवर हात ठेवायचे आणि ढगांकडे बघायचे, जणू ढगांचीच तपासणी घेतायत. हाताला फोड आला होता. सुनेने त्यावर चिंधी बांधून दिली.

गोणीवर रेडिओ ठेवला होता. शपथविधी सुरू झाला. अर्थवाला आला, गृहवाला आला. प्रत्येकाच्या वेळी वकील कुदळ मारता मारता काहीतरी पुटपुटले. मग थोरलीचं नाव आलं. वकिलांची कुदळ थांबली. रानात वाऱ्याशिवाय काही आवाज नव्हता आणि त्या वाऱ्यात पोरीचा आवाज आला. शपथेचे जड जड शब्द ती सावकाश वाचत होती. मध्येच आवाज जरा बसला. ती थांबली, घसा साफ केला आणि पुढे गेली.

सून सासऱ्याकडे बघत होती. वकिलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. त्यांना ते ठाऊक नसावं.

"सर्दी झालीय तिला," ते म्हणाले.

"सर्दी नाही, बाबा. भरून आलंय त्यांना."

"सर्दीच आहे. लहानपणापासून ढग आले की होते." त्यांनी टोपी घातली. "चल, ही सरी संपवू."

काकू दुसऱ्या दिवशी परत आली ती गोष्टींचं गाठोडं घेऊनच. सभागृह केवढं, दिवे किती, थोरलीने भर गर्दीत वाकून नमस्कार कसा केला, नेता स्वतः काकूशी काय बोलला. "म्हणाला, वडील नाही आले? मी म्हटलं, बटाटे काढतायत. तर तो म्हणाला, तुमच्या मुलीला शेतीखातं उगाच नाही दिलं."

"गोड बोलणारा आहे," वकील म्हणाले. पण त्यांनी काकूला ते दोनदा सांगायला लावलं.

त्यानंतर घरी माणसांची रीघ लागली. ज्यांनी कधी वकिलांच्या नमस्काराला मान हलवली नव्हती, ते फुलांचे गुच्छ घेऊन येत. फुलं ठेवायला जागा उरली नाही तेव्हा सुनेने ती म्हशीपुढे टाकली. आणि एका सकाळी शेती कचेरीतला साहेब मोटारसायकलवर आला. मागच्या हंगामात बियाण्यासाठी ह्याच साहेबाने वकिलांना दिवसभर व्हरांड्यात उभं ठेवलं होतं आणि संध्याकाळी खिडकी लावून घेतली होती. वकिलांनी तिथे तोंड उघडलं तर शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं होतं. आता तोच साहेब चिखलात बूट घालून बांधावर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही स्वतः कुदळ मारताय? आम्ही मेलो होतो का?"

त्याच्यामागून ट्रॅक्टर येत होता आणि ट्रॅक्टरच्या मागे बटाटे काढायचं यंत्र.

आसपासच्या सगळ्या गावांत मिळून हे कचेरीचं एकच यंत्र. ते पाळीने फिरायचं. वकिलांची पाळी अजून लांब होती. त्या दिवशीची पाळी बांधापलीकडच्या शेजारणीची होती. तिचा नवरा झाडावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडला होता आणि ती एकटीच रान उपसत होती. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ती पाटी बाजूला ठेवून बांधाशी येऊन उभी राहिली होती.

"आज पाळी पलीकडची ना?" वकील म्हणाले.

"पाळीचं काय, काका. मागंपुढं चालायचंच. त्यांचं उद्या, परवा कधीतरी करू."

वकिलांनी ढगांकडे बघितलं. मग चिंधी बांधलेल्या हाताकडे. खालच्या तुकड्याकडे. फक्त बांधाकडे तेवढं बघितलं नाही.

"बरं," ते म्हणाले. एवढा हळू आवाज त्यांच्या तोंडून सुनेने कधी ऐकला नव्हता.

शेजारीण पदर खोचून परत गेली आणि तिने आपली कुदळ उचलली.

यंत्र रानात उतरलं. काय त्याचा रुबाब! पोलादी फाळ वरंब्याखाली शिरायचा, माती चाळणीवर चढायची, थरथरत खाली गळायची आणि मागे बटाट्यांची ओळ पडत जायची, पिवळीधमक, सबंध, एकही न कापलेली. ज्या सरीला वकील आणि सुनेला अर्धा दिवस लागायचा ती बघता बघता मोकळी झाली. वकील यंत्राच्या मागोमाग चालत राहिले. बटाटा उचलायचे, हातात फिरवायचे, ठेवायचे. साहेब शेजारून चालत थोरलीचं कौतुक करीत होता.

काकूला राहवेना. तिने बांधावर बसून लेकीला फोन लावला.

"अगं, तुझ्या नावाने यंत्र आलंय रानात! साहेब स्वतः आलेत, चिखलात उभे आहेत बिचारे! तुझे बाबा कसे खुशीत आहेत बघायला हवी होतीस... काय? पाळी?" काकूचा आवाज उतरला. "पाळी... पलीकडचीची होती. अगं, पण तिचं उद्या करणार आहेत... हो. हो, एकटीच आहे ती. हो. बरं."

तिने फोन कानापासून लांब धरला. "अहो, साहेबांना द्या म्हणतेय."

साहेबाने लगबगीने हात पुसले, फोन घेतला आणि हसरं तोंड केलं. ते हसू एकेका वाक्यागणिक सांडत गेलं.

"हो ताई. नाही ताई. तसं नाही ताई, मला वाटलं... चूक झाली ताई. नाही, पुन्हा नाही. आत्ता, ताई. आत्ताच्या आत्ता."

बोलता बोलता तो पाय जुळवून ताठ उभा राहिला होता, चिखलात, एकटाच, जणू समोर झेंडा आहे. मग त्याने फोन वकिलांपुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतायत."

"बाबा," थोरली म्हणाली.

"हं."

"पाळी तुमची नव्हती."

"मला माहीत आहे."

वारा फोनमध्ये शिरत होता.

"रागावलात?"

"ठेव फोन. पाऊस येतोय, मला काम आहे."

ट्रॅक्टरवाल्याने यंत्र वर उचललं. अर्धी राहिलेली सरी तशीच सोडून ते बांधाकडे वळलं, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या देखत. माणसं थांबून बघत होती. मंत्र्याच्या बापाच्या रानातून यंत्र परत चाललं होतं. कानामागे गरम होणं म्हणजे काय ते वकिलांना तेव्हा कळलं. व्हरांड्यात शिपायाने दंड धरला होता तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. त्यांनी कुदळ उचलली आणि यंत्राने सोडलेल्या जागेपासून घाव घालायला सुरुवात केली, मातीवर राग असल्यासारखी.

काकू रडकुंडीला आली. "मी कशाला मेली फोन लावला!"

बराच वेळ नुसते घाव आणि पलीकडून यंत्राची घरघर. शेजारणीच्या रानात बटाट्यांच्या ओळी पडत होत्या आणि ती त्या ओळींवरून धावत धावत वेचत होती.

शेवटी सुनेनेच तोंड उघडलं. "बाबा, नऊ सऱ्या राहिल्यात आपल्या. आणि तुमच्या लेकीने यंत्र नेलं. न्हाव्याच्या दुकानात आता काय सांगणार?"

वकिलांनी कुदळ टेकवली. तिच्याकडे रागाने बघितलं. मग त्यांची नजर साहेबाकडे गेली. तो पलीकडच्या रानात शेजारणीची पाटी स्वतः उचलून गोणीत ओतत होता आणि बटाटे बाहेर सांडत होते.

"हो ताई," वकील अचानक म्हणाले.

"काय?"

"नाही ताई. चूक झाली ताई." त्यांनी चिखलात पाय जुळवले, कुदळ बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि छाती काढली. "आत्ता ताई. आत्ताच्या आत्ता ताई!"

सून फिसकन हसली. काकूने डोळे पुसता पुसता हसू दाबलं, पण ते दबेना. आणि वकील स्वतः असे हसायला लागले की त्यांना उभं राहवेना. ते वरंब्यावर बसले. पोट धरून हसत राहिले.

"सापडला!" ते म्हणाले. "अगं, आंधळेपणाने का होईना, माणूस बरोबर सापडला त्या नेत्याला! आईने कौतुकाने फोन केला, बाप रानात उभा, आणि पोर म्हणते पाळी कुणाची? कुणाची पोर आहे ती? सांग की, कुणाची?"

"माझी," काकू म्हणाली. "तुम्ही तर मतही दिलं नाहीत."

दुपारनंतर पाऊस आला. आधी मोठाले थेंब, एकेक मोजून टाकल्यासारखे, मग सरळ धार. काढलेल्या गोण्यांवर ताडपत्री टाकून तिघं भिजत काढत राहिली. कुदळीला चिखल चिकटायला लागला, पाटी जड झाली, बोटं गारठून बटाटा आणि ढेकूळ ह्यांतला फरक कळेनासा झाला. तेवढ्यात बांधावरून शेजारीण येताना दिसली. तिचं रान निघालं होतं. डोक्यावर रिकामी गोणी पांघरून, हातात कुदळ घेऊन ती आली आणि काही न विचारता शेवटच्या सरीला लागली.

"अगं, घरी जा," वकील म्हणाले. "माणूस पडलाय तुझा."

"पडलाय तो पडलेलाच राहणार आहे, काका. बटाटे नाही राहायचे."

वकिलांना काहीतरी म्हणायचं होतं. ते तिच्या शेजारच्या सरीला गेले, थोडा वेळ वाकून काढत राहिले आणि मातीकडे बघतच म्हणाले, "सकाळी मी बरं म्हणायला नको होतं."

"मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "यंत्राचा आवाज केवढा होता."

तिच्या मागोमाग न्हावी आला, मग शपथविधीहून परतलेली माणसं, मग छत्री घेऊन मास्तर. मास्तरांनी एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने बटाटे वेचायचा प्रयत्न केला, मग छत्री बांधावर टाकून दिली. यंत्र परत गेल्याची बातमी गावभर झाली होती. रानात एवढी माणसं बघून वकिलांच्या अंगात हुरूप आला. कुणी कुदळ मारतंय, कुणी वेचतंय, कुणी घसरून चिखलात बसतंय आणि सगळे त्याच्यावर हसतायत.

"वकील," मास्तर पावसात ओरडले, "आम्ही मजुरी घेणार नाही. फक्त निकाल ऐकायला आलोय."

वकील उभे राहिले. टोपीतून पाणी नाकावर गळत होतं.

"ऐका तर. शेतीखात्याबाबत मी चुकलो. तुमचा नेता नाही चुकला."

माणसांनी आरोळी ठोकली. न्हाव्याने पाटी वाजवली.

"थांबा, थांबा!" वकील ओरडले. "एवढ्याच बाबतीत. अर्थखात्याबद्दल माझं म्हणणं कायम आहे!"

खालचा तुकडा गेलाच. पाणी तुंबलं आणि तिथले बटाटे हाताला लागले ते मऊ झालेले. पण बाकीचं रान दिवस मावळेपर्यंत निघालं आणि पोती ओसरीत, खोलीत, गोठ्यात जागा मिळेल तिथे लागली.

पाऊस उघडल्यावर पुढच्या सुट्टीच्या दिवशी थोरली आली. मोठी गाडी तिने रस्त्यावरच ठेवली आणि वहाणा हातात घेऊन चिखलातून चालत आली. काकूने तिला जवळ घेतलं, सुनेने टोमणे मारले, शेजारीण भेटून गेली. वकील ओसरीत बटाट्यांच्या ढिगापाशी बसून निवड करत होते. मोठे एकीकडे, लहान एकीकडे, डागी तिसरीकडे. थोरली त्यांच्यासमोर बसली आणि तीही निवडायला लागली. यंत्राचा विषय तिने काढला नाही, त्यांनीही काढला नाही. पावसाबद्दल बोलून झालं, म्हशीबद्दल झालं.

मग ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? राजकारणाचं आहे."

वकिलांनी भुवया उचलल्या. "विचार."

"माझ्या खात्याचा सगळ्यात वरचा अधिकारी निवडायचाय. निवड माझ्यावर सोडलीय. दोघं आहेत."

"सांग की. सोपं आहे." वकील सरसावून बसले.

"एकाला कामातलं सगळं कळतं. हात स्वच्छ. पण जीभ फार तिखट. पहिल्याच दिवशी मला तोंडावर म्हणाला, तुम्हाला शेतीतलं काही कळत नाही."

"बरोबर बोलला. तोच घे."

"त्याचं कुणाशी पटत नाही. तीन ठिकाणी माणसं काम सोडून गेली त्याच्यामुळे."

"मग दुसरा कसा आहे?"

"दुसरा मनमिळाऊ. सगळ्यांना धरून काम करतो, राबतो. पण कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला. वरून फोन आला की हो म्हणतो."

"मग नको तो. तुमच्या त्या साहेबांचं फावेल." वकिलांनी हातातला बटाटा मोठ्या ढिगात टाकला. थांबले. "पण पहिल्याजवळ माणसंच टिकली नाहीत तर काम कोण करणार?"

"तेच ना."

"म्हणजे दुसरा." तोच बटाटा त्यांनी परत उचलला. "पण तो..."

"तेच ना, बाबा."

वकील दुपारभर तेच मनात घोळवत होते. जेवताना मध्येच "पहिला" म्हणाले आणि पाणी पिऊन "नाही" म्हणाले. गोठ्यात गेले, परत आले. एकदा "तिसरा कुणी नाही का?" असं विचारून बघितलं. नव्हता. सून काकूच्या कानात म्हणाली, "बाबांना बरं नाही का? मघापासून कुणाची चूक काढली नाही."

ऊन उतरायला लागलं तशी थोरली निघाली. वकील तिला गाडीपर्यंत पोचवायला गेले. ड्रायव्हरने दार उघडून धरलं. काकूने आत बटाट्यांची पिशवी ठेवली.

"मग बाबा? उद्या सकाळी नाव द्यायचंय मला."

वकिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले.

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. "मलाही नाही येत," ती म्हणाली. "रोज सकाळी टेबलावर असंच काहीतरी येऊन पडतं. आणि संध्याकाळपर्यंत एकाला हो म्हणावंच लागतं."

वकिलांनी तिला नीट बघितलं. वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण उभी कशी, काकूसारखी, पाय रोवून. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, जरा जड.

"तू निवड," ते म्हणाले. "निवडायला तू आहेस. नावं ठेवायला मी आहे."

ती हसली. एवढी मोठ्याने हसली की ड्रायव्हरही दाराआड तोंड फिरवून हसला. गाडी सुरू झाली. ती थोडी पुढे जाते तोच वकील "थांब, थांब" करत मागे धावले आणि गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत खिडकीत वाकले.

"हे बघ, दोघांतला कुठलाही घेतलास तरी मी चुकलं म्हणणारच आहे," ते म्हणाले. "मनावर घेऊ नकोस."